पंक्चरच्या दुकानातला पर्यावरणाचा हिशोब

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि बार्शीटाकळीतल्या पंक्चरच्या दुकानांचा हंगामही त्याच सुमारास सुरू होतो. उन्हाळाभर गोठ्यात, छपरीत किंवा भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या सायकली बाहेर निघतात. कोणाची ट्यूब वाळून चिरलेली असते, कोणाची साखळी गंजून ताठ झालेली असते, तर ब्रेकचे रबर दगडासारखे कडक झालेले असते. महान, पिंजर, धाबा या बाजूंच्या खेड्यांतून शाळेला जाणाऱ्या मुलामुलींच्या या सायकलींची दुकानात अगदी सहज दोन गटांत विभागणी होते. वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची काळी सायकल तेल, छर्रे आणि नवी ट्यूब मिळाली की तासाभरात रस्त्याला लागते. दोन वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली, जाड फ्रेमची, दोन्हीकडे स्प्रिंगा लावलेली रंगीत सायकल मात्र दुकानाच्या कोपऱ्यात पडून राहते, कारण तिचा सुटा भाग बार्शीटाकळीत मिळत नाही आणि अनेकदा अकोल्यातही मिळत नाही. काही महिन्यांनी भंगारवाला ती किलोच्या भावाने घेऊन जातो.

पर्यावरणाच्या दृष्टीने या दोन सायकलींमध्ये फार मोठे अंतर आहे. सायकल धूर सोडत नाही, म्हणून ती पर्यावरणाची मित्र, असे सरसकट म्हटले जाते. हे म्हणणे चूक नाही, पण अर्धे आहे. सायकलीचा धूर निघतो तो ती चालताना नव्हे, तर घडताना. दुकानात टांगलेल्या कोऱ्या सायकलीच्या नावावर लोखंडाच्या भट्टीचा, कोळशाचा, रसायनांचा आणि ट्रकच्या डिझेलचा खर्च आधीच चढलेला असतो. हे कर्ज फिटते ते चाललेल्या किलोमीटरांमधून. म्हणून सायकल किती हिरवी, या प्रश्नाचे खरे उत्तर ती किती वर्षे टिकते आणि कितीदा दुरुस्त होते यात आहे.

हे कर्ज किती असते, ते आधी पाहू. साधी काळी सायकल जवळजवळ सगळी पोलादाची असते आणि तिचे वजन वीस किलोच्या आसपास भरते. भारतात एक टन पोलाद तयार होताना सरासरी सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाची सरासरी दोन टनांच्या आसपास आहे. या हिशोबाने एका सायकलीच्या नुसत्या पोलादामागे ४५ ते ५० किलो कार्बन डायऑक्साइड येतो. त्यात नळ्या ओढणे, सांधे जोडणे, रंग भट्टीत पक्का करणे, रबर आणि वाहतूक यांची भर पडते.

हलकी म्हणून मिरवणारी ॲल्युमिनियमची सायकल या बाबतीत जड पडते. बॉक्साइटपासून एक टन ॲल्युमिनियम काढायला १४ ते १५ हजार युनिट वीज लागते. आपल्याकडे ही वीज मुख्यतः कोळशावर होते. अकोला जिल्ह्यातच पारसचे औष्णिक केंद्र असल्याने कोळशाची राख आणि धूर म्हणजे काय, हे इथल्या लोकांना वेगळे सांगायला नको. हेच ॲल्युमिनियम भंगारातून पुन्हा वितळवले, तर नव्याच्या तुलनेत सुमारे पाच टक्केच ऊर्जा लागते. शर्यतीच्या महागड्या सायकलींसाठी वापरले जाणारे कार्बन फायबर मात्र पुन्हा वापरात आणणे अजूनही अवघड आहे.

युरोपियन सायकलिस्ट्स फेडरेशनने २०११ मध्ये सायकलीचा असा हिशोब मांडला होता. सुमारे वीस किलो वजनाची, बहुतांश ॲल्युमिनियमची सायकल त्यांनी गृहीत धरली. ती बनवताना ९६ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, ती आठ वर्षे टिकते आणि वर्षाला २,४०० किलोमीटर चालते, असे धरल्यावर किलोमीटरमागे पाच ग्रॅमचा भार निघाला. या आकड्याचा अर्थ बार्शीटाकळीच्या रस्त्यावर लावून पाहता येतो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. लिटरला ५० किलोमीटर जाणारी मोटरसायकल म्हणजे किलोमीटरमागे सुमारे ४६ ग्रॅम सोडते, तेही मोटरसायकल बनवण्याचा खर्च न धरता. म्हणजे एक सायकल बनवण्याचा सगळा खर्च साधारण ४२ लिटर पेट्रोलएवढा.

पाच किलोमीटरवरच्या खेड्यातून मुलीला वडील मोटरसायकलवर शाळेत सोडतात, घरी परततात, संध्याकाळी पुन्हा आणायला जातात. हे दिवसाला वीस किलोमीटर झाले. मुलगी सायकलने जाऊ लागली, तर सायकल बनवण्याचा सगळा भार शंभर-सव्वाशे शाळेच्या दिवसांत, म्हणजे एका शैक्षणिक वर्षाच्या आतच फिटतो. पुढचा प्रत्येक दिवस नफ्याचा. पण हीच सायकल दोन वर्षांत भंगारात गेली आणि एकूण चार हजार किलोमीटरच चालली, तर भार किलोमीटरमागे पाचवरून २४ ग्रॅमवर जातो. शिवाय तिच्या जागी दुसरी सायकल घ्यावी लागते आणि कर्ज नव्याने सुरू होते. बहुतेक वेळा तर सायकलीच्या जागी थेट मोटरसायकलच येते.

कार्बनच्या पलीकडेही या हिशोबाची एक बाजू आहे आणि ती माणसांच्या आरोग्याशी जोडलेली आहे. चीननंतर सर्वाधिक सायकली भारतात बनतात आणि त्यांतल्या बहुतेक सायकली व सुटे भाग पंजाबातील लुधियानात तयार होतात. हँडल, रिम, चेनव्हील यांना येणारी आरशासारखी चकाकी निकेल आणि क्रोमियमच्या मुलाम्याची असते. हा मुलामा रसायनांच्या टाकीत विजेच्या साहाय्याने चढवला जातो. पारंपरिक पद्धतीत वापरले जाणारे सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फार पूर्वीच स्पष्ट केले आहे. टाकीवरची वाफ सतत नाकात गेल्याने नाकाच्या पडद्याला जखमा होणे, तो फाटणे, हातांवर खोल व्रण पडणे, हे या व्यवसायातले जुने, नोंदवलेले आजार आहेत. लुधियानातून वाहत सतलजला मिळणारा बुड्ढा नाला कापड रंगवण्याच्या आणि डेअरीच्या सांडपाण्याबरोबरच मुलाम्याच्या कारखान्यांच्या पाण्यानेही दूषित झाला आहे. कमी घातक, तीन-संयुजी क्रोमियमची पद्धत आणि द्रावकाशिवाय चढणारा पावडरचा रंग हे पर्याय उपलब्ध आहेत. वऱ्हाडात चकाकणारे हँडल ज्याने घडवले, त्याच्या फुप्फुसांचा खर्च सायकलीच्या किमतीत दिसत नाही. ती सायकल वीस वर्षे चालवणे हा त्या खर्चाचा मान राखण्याचा एक मार्ग आहे.

मग काळी सायकल इतकी टिकते का? कारण तिच्या रचनेत आहे. १८८५ मध्ये इंग्लंडच्या कोव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन चाकांची, मागच्या चाकाला साखळीने ओढणारी सायकल आणली. १८८८ मध्ये डनलॉप यांची हवेची ट्यूब आली. तेव्हापासून सायकलीचा मूळ आराखडा फारसा बदललेला नाही. फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण. चौकोनाला दाबले की तो तिरपा होतो, पण त्रिकोणाचा आकार बाजू वाकल्याशिवाय बदलत नाही. म्हणूनच पोकळ, पातळ नळ्यांची फ्रेम माणूस आणि वर दोन पोती सहज पेलते. चाकाचे गमकही असेच आहे. तारा ताणून बसवलेल्या असतात आणि भार त्या सगळ्या मिळून वाटून घेतात. जुन्या सायकलीच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असतात, कारण जास्त वजन मागे पडते. एक तार तुटली तर चाक थोडे डगमगते, पण सायकल घरी पोचते आणि तार दुकानात काही मिनिटांत बदलता येते.

पुढे ४४ दातांची चकती आणि मागे १८ दातांचे फ्रीव्हील, अशा जोडीत पायडलचा एक फेरा सायकलीला सुमारे साडेपाच मीटर पुढे नेतो. त्यात गिअर बिघडण्याचा प्रश्न नाही. पुढचा फोर्क जास्त झुकलेला आणि दोन चाकांतले अंतर जास्त, त्यामुळे खड्ड्यांचा दणका हँडलपर्यंत कमी पोचतो. मडगार्ड आणि टायर यांच्यात मोकळी जागा असते. पावसाळ्यात शेतातून येताना काळी माती चाकाला लपेटून बसते, तेव्हा काडीने ती काढता येते आणि चाक पुन्हा फिरते. अरुंद जागेच्या सायकलीचे चाक अशा वेळी जागेवरच अडते. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, झिजणारा प्रत्येक भाग वेगळा निघतो. छर्रे, कोन, एक्सल, कॉटरपिन, ब्रेकचे रबर, साखळी यांची मापे दशकानुदशके तीच आहेत. पाना, हातोडी आणि पाण्याचे टोपले एवढ्या भांडवलावर तिचे दुकान चालते.

अर्थात, काळ्या सायकलीचे गोडवे गाताना तिचे दोषही सांगायला हवेत. ती जड आहे. तिच्या गुळगुळीत पोलादी रिमवर पावसात ब्रेक नीट लागत नाही आणि उतारावर हे धोक्याचे ठरते. तिची उंची आणि आडवी दांडी प्रौढ पुरुषाला डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेली आहे. म्हणून तर खेड्यातली मुले वर्षानुवर्षे दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत सायकल शिकली. मुलींसाठी खाली वाकलेल्या दांडीची सायकल आली, तेव्हाच मुलींचे सायकल चालवणे सोपे झाले. सुधारणेला जागा आहे आणि ती व्हायलाच हवी. हलके पोलाद, ओल्यातही धरणारे ब्रेक, योग्य उंची, चांगले रिफ्लेक्टर यांतली एकही गोष्ट दुरुस्तीच्या आड येत नाही.

बाजारात मात्र सुधारणेच्या नावाखाली वेगळेच विकले जाते. स्वस्त सायकलीला लावलेल्या स्प्रिंगा धक्का फारसा शोषत नाहीत. उलट वजन वाढवतात आणि पायाचा जोर खातात. हलक्या दर्जाच्या डिस्क ब्रेकची चकती वाकली की घासू लागते. दरवर्षी मापे आणि जोड बदलत असल्याने सुटा भाग मिळत नाही. डोंगरातल्या शर्यतीच्या सायकलीची ही नक्कल सपाट वऱ्हाडात कशासाठी, हा प्रश्न घेणाऱ्याच्या मनात येत नाही, कारण मुलाला शाळेत तशीच सायकल मिरवायची असते. बॅटरीवरच्या सायकलीलाही हीच कसोटी लावावी लागेल. लांबच्या अंतरासाठी ती उपयोगी आहे आणि मोटरसायकलपेक्षा कितीतरी कमी ऊर्जा खाते. पण बॅटरी संपल्यावर ती बदलून मिळणार का आणि जुनी बॅटरी जाणार कुठे, याचे उत्तर विकणाऱ्याने आधी द्यायला हवे.

हा प्रश्न केवळ ग्राहकाच्या आवडीचा राहिलेला नाही, कारण सायकलीचा एक मोठा खरेदीदार आता सरकार आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे दिले जातात. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये करण्यात आली. अशा योजनांचे मोल मोठे आहे. बिहारने २००६ मध्ये मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासात त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलामुलींतील तफावत ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. अनेक मुलींसाठी सायकल हा मोटरसायकलचा पर्याय नसतो, तर घरी बसण्याचा पर्याय असतो. पाच किलोमीटर पायी जायला तास-सव्वा तास लागतो. सायकलने वीस-पंचवीस मिनिटे. ती सायकल नववीत मोडून पडली, तर कार्बनचा हिशोब बाजूलाच राहतो आणि मुलीची शाळाच धोक्यात येते.

आरोग्याच्या अंगानेही टिकाऊ सायकलीचे महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. रोज पाऊण तास सायकल चालवणाऱ्याचा हा वाटा चार दिवसांत पूर्ण होतो. ब्रिटनमधील २ लाख ६३ हजार लोकांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. हा संबंध आहे, थेट कार्यकारणभाव नव्हे. मुळात सुदृढ असलेले लोक सायकल जास्त वापरत असतील. पण मधुमेह आणि रक्तदाब खेड्यांतही वाढत असताना हा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. वऱ्हाडात त्याला उन्हाची अट आहे. मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांवर गेल्यावर प्रशासनाला जमावबंदीचे कलम वापरून कामाच्या आणि शिकवणीच्या वेळांवर निर्बंध आणावे लागले होते. एप्रिल-मेमध्ये दुपारची सायकल टाळणे, सकाळच्या वेळा पाळणे, पाण्याची बाटली आणि डोक्याला दुपट्टा ठेवणे हे इथे आवश्यक आहे. हवा कमी भरलेल्या, कोरड्या साखळीच्या सायकलीला पायडल मारायला बराच जास्त जोर लागतो, हेही उन्हात लक्षात ठेवण्यासारखे. तेलाचे चार थेंब आणि पुरेशी हवा हा उष्माघाताविरुद्धचा छोटासा उपायच आहे.

काय करता येईल? पहिली गोष्ट, सरकारी पैशातून घेतल्या जाणाऱ्या सायकलीसाठी दुरुस्तीयोग्यतेची अट असावी. प्रचलित मापाचे भाग, किमान पाच वर्षे सुटे भाग मिळण्याची हमी आणि ओल्यात चालणारे ब्रेक ही अट फार अवघड नाही. दुसरी, सायकलीबरोबर दुरुस्तीचेही पैसे द्यावेत. फ्रान्सने २०२० मध्ये टाळेबंदीनंतर जुनी सायकल दुरुस्त करण्यासाठी प्रत्येकी ५० युरोपर्यंत मदत दिली आणि दहा लाखांहून अधिक सायकली पुन्हा रस्त्यावर आल्या. नवी सायकल देण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते. सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्याचा फायदा भाग बदलणाऱ्यापर्यंत पोचतो की नाही, हे पाहायला हवे. तिसरी, प्रत्येक माध्यमिक शाळेत सावलीचा सायकल स्टँड, एक पंप आणि पान्यांचा एक संच असावा. उन्हात उभी राहिलेली सायकल टायर-ट्यूबच्या आयुष्यातली वर्षे गमावते. बारावी झालेल्या मुलीची सायकल आठवीतल्या मुलीकडे जाण्याची व्यवस्थाही शाळेतच होऊ शकते.

चौथी गोष्ट मिस्त्रीची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर आले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. महाराष्ट्रातल्या यंत्रउद्योगाची एक मोठी वाट अशी सायकलीच्या दुकानातून निघाली आहे. आज तालुक्याच्या गावातला सायकल मिस्त्री मात्र मोटरसायकलच्या पंक्चरवर पोट भरतो आणि त्याचा मुलगा हे काम शिकत नाही. चाक सरळ करणे, म्हणजे तारांचा ताण कानाने आणि बोटाने ओळखून रिम रेषेत आणणे, हे कौशल्य एक पिढी तुटली की परत आणणे कठीण असते. आयटीआयमध्ये सायकल आणि ई-सायकल दुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम आणि जुन्या मिस्त्रींना तिथे शिकवण्याची संधी, एवढ्यानेही सुरुवात होऊ शकेल.

राहिला घेणाऱ्याचा भाग. येत्या हंगामात मुलांसाठी सायकल घेताना रंग आणि स्प्रिंगा पाहण्याआधी गावातल्या मिस्त्रीला दोन प्रश्न विचारावेत. हिची ट्यूब, साखळी आणि ब्रेक इथे मिळतात का? हिचे चाक तुम्हाला सरळ करता येईल का? दोन्ही उत्तरे होकारार्थी असतील, तर सायकल बनवताना निघालेला धूर वसूल होण्याची शक्यता मोठी. आणि घरात जुनी सायकल गंजत पडली असेल, तर नव्या खरेदीच्या आधी ती एकदा दुकानात नेऊन पाहावी. छर्रे, साखळी, टायर-ट्यूब बदलूनही तिचा खर्च नव्या सायकलीच्या किमतीपेक्षा बराच कमी येतो, आणि त्या फ्रेमच्या पोलादासाठी नवी भट्टी पेटवावी लागत नाही.